एका बोटाचा रामराम

नोलीनने टाकी भरून घेतली, पाण्याचा वीस लिटरचा कॅन मागच्या सीटवर चढवला आणि ती ग्लेनिसच्या काउंटरपाशी आली. सकाळचे आठच वाजले होते, पण ऊन आतापासूनच चावत होतं. ग्लेनिस गेली तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या नलारबोरच्या त्या उजाड माळावर पेट्रोल पंप आणि खाणावळ चालवत होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नव्हती.

"एकटीच? सदुसष्टाव्या वर्षी हौस आली बाईला! विमानं काय बंद पडली?"

"विमानात तुझे पॅटिस मिळत नाहीत गं."

"पुरे झाली लाडीगोडी." ग्लेनिसने दोन गरम मटण पॅटिस तांबड्या चौकड्यांच्या फडक्यात गुंडाळले. "फडकं परत हवंय मला. नव्या रस्त्यानेच जातेयस ना?"

"नाही तर कुठून जाणार?"

"पाचपर्यंत राज्याच्या सीमेवर पोचशील. पोचलीस की फोन कर. नाही आला तर माणसं पाठवीन शोधायला, मग बस मुलखाची शोभा होऊन."

खोटं बोलल्याचं नोलीनला वाईट वाटलं. पण खरं सांगितलं असतं तर ग्लेनिसने गाडीची किल्लीच काढून घेतली असती.

तासाभराने ती डांबरी हमरस्ता सोडून उत्तरेला वळली. तारेचं फाटक उघडलं, गाडी आत घेतली, फाटक पुन्हा लावलं. पुढे वीस किलोमीटरवर जुना रस्ता होता, पांढऱ्या चुनखडीचा, खाचखळग्यांचा. एके काळी सगळा देश ह्याच वाटेने पूर्वेकडून पश्चिमेला जायचा. आता कडेला गंजलेल्या गाड्यांचे सांगाडे आणि गुडघाभर खारट झुडपं, एवढंच उरलं होतं. झाड तर नावालाही नव्हतं.

ह्याच रस्त्यावर वडिलांनी तिला गाडी शिकवली होती, आणि त्याआधी रीत शिकवली होती. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. "तासातासात माणूस दिसत नाही इथे," ते म्हणायचे, "दिसला तर त्याला रामराम केल्याशिवाय पुढे जाऊ नये." आठ-दहा वर्षांची होईतो नोलीनचं बोट आपोआप उठायला लागलं. पुढे शहरात राहायला गेली तरी उठायचं, आणि लोक हसायचे.

एकोणीस वर्षांची असताना, पंचाहत्तर साली, ती वडिलांची, दाराला पोचा पडलेली पिवळसर होल्डन गाडी घेऊन एकटीच पश्चिमेकडून घरी येत होती. दुपार कलली होती. कडेला खडकातल्या एका विवरापाशी एक गाडी थांबलेली, आणि गाडीशेजारी डोक्याला काहीतरी तांबडं बांधलेलं कुणीतरी उभं. उन्हाने डोळे दिपले होते, बाई की पुरुष तेही कळलं नाही. त्या माणसाने एक बोट उचललं. नोलीनने एक बोट उचललं आणि ती पुढे निघून गेली. मैलभर गेल्यावर तिला खटकलं. भर वाळवंटात अडकलेला माणूस नुसता रामराम कशाला करेल? तिने आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता. ना माणूस, ना गाडी. असेल एखादा, गेला असेल, असं म्हणून ती घरी आली.

दोन दिवसांनी न राहवून तिने पोलिसांत सांगितलं. हवालदार म्हणाला, "पोरी, कुणी हरवल्याची तक्रारच नाही. कशाला जिवाला लावून घेतेस?" पुढच्या वर्षी नवा रस्ता झाला आणि जुना ओस पडला. अठ्ठेचाळीस वर्षं ती वर्तमानपत्रं चाळत राहिली. त्या बाजूला कुणी मेल्याची बातमी कधीच आली नाही. तरी तिला झोप लागायची नाही. एकदा तिथे थांबायचं, जे तेव्हा केलं नाही ते करायचं, एवढंच आता तिला हवं होतं.

जागा तिने लगेच ओळखली. रस्ता किंचित डावीकडे वळत होता आणि कडेला खडकात तेच काळंभोर विवर होतं. त्यातून थंड, कुबट वारा वर येत होता, जमिनीखाली कुणी श्वास सोडावा तसा. तिने गाडी बंद केली. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. इतकं एकटं तिला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तिने कॅन उतरवला, झाकण काढलं.

"उशीर झाला मला," ती पुटपुटली. "पी बाबा... जो कुणी असशील तो... पोटभर पी."

वीसच्या वीस लिटर तिने विवराच्या तोंडाशी ओतले. पाणी क्षणात नाहीसं झालं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. वर येणाऱ्या वाऱ्याने डोक्यावरची हॅट उडवली, ती घरंगळत विवरात गेली.

गाडीत बसून तिने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

फोनला रेंज नव्हती. बाटलीत चार घोट पाणी होतं, ते दुपारी एकपर्यंत संपलं. गाडी सोडून चालायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ती गाडीच्या सावलीला बसली. उद्या माणसं निघतील, पण शोधतील नव्या रस्त्यावर. तीनच्या सुमारास सावलीही तापली. पॅटिसचं फडकं डोक्याला घट्ट गुंडाळून ती उठून उभी राहिली.

पश्चिमेला धूळ दिसली.

देवा... गाडी! धूळ वाढत आली. इंजिनाची घरघर ऐकू आली. ओरडायला तोंड उघडलं, पण घसा कोरडा ठणठणीत. दोन्ही हात वर करायचे, रस्त्यात आडवं व्हायचं, असं तिने ठरवलं. तेवढ्यात धुळीतून गाडी बाहेर आली. पिवळसर होल्डन. दाराला तोच पोचा. काचेमागे वेणी घातलेली एक पोरगी, उन्हाने डोळे बारीक केलेली.

नोलीनचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. साठ वर्षांची सवय. बोट आपोआप उठलं. एकच.

पोरगी हसली. तिनेही स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, आणि गाडी पुढे निघून गेली.

धुळीत उभी राहून नोलीन पाहत राहिली. आता मैलभर जाईल. मग पोरीला खटकेल आणि ती आरशात पाहील. आरशात तिला काय दिसणार, ते नोलीनला ठाऊक होतं.