वरच्या फळीवरची लेस

"ताई, सुटलो एकदाचे! एका टेम्पोत सगळा माल गेला," दुकानाची किल्ली ओट्यावर ठेवत देवदत्त म्हणाला, आणि रत्नप्रभाची तव्यावरची पोळी तशीच करपत राहिली...

"सगळा? वरच्या फळीवरचा पण?"

"अगं, फळ्यासुद्धा गेल्या! लोक मोबाइलवर दोरे-लेस मागवतात. तुझ्या दुकानाची पायरी चढतंय कोण?"

खोटं कुठे होतं ते! घाटकोपरच्या त्या चिंचोळ्या दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं यायची, तीही फॉल नाहीतर हुक मागायला. बोलायला माणूस नाही म्हणून बिचारी तीच ती रिळं पुन्हा रंगवार लावत बसायची. दुकान द्यायला हो म्हणाली होती ती. पण माल काढण्याआधी मला हाक मार, एवढंच तर सांगितलं होतं ना रे... तेवढंही विसरलास!

तिने करपलेली पोळी तव्यावरून उतरवली. बोलली ती देवदत्तची मुलगी, अपूर्वा. "बाबा, आत्याच्या रुखवताची लेस होती तिथे! लग्न ठरल्यावर तिने स्वतः क्रोशाने विणलेली. मला शिकवताना दाखवली होती."

"रुखवत? ताईला तर लग्नच करायचं नव्हतं..."

"आजोबा गेले म्हणून मोडलं तिने! तुम्ही सहावीत होतात."

देवदत्त चपला न घालताच माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडे धावला. पण ती लेस दुकानातल्यासारख्याच पुठ्ठ्यावर गुंडाळलेली. शेकडो पुठ्ठ्यांत ती कोण ओळखणार! व्यापाऱ्याने माल तीन ठिकाणी पाठवूनही दिला होता. संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतून त्याने बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"सगळ्यांना सांगत फिरलो गं, ताईला संसाराची हौसच नव्हती! एकदा तरी बोलायचंस!"

"सहावीतल्या पोराला काय सांगणार होते?"

"पण नंतर? पन्नाशी आली माझी!"

"नंतर... कुणी विचारलंच नाही रे."

किती साधेपणाने म्हणाली ती! ना राग, ना टोमणा. उलट त्याच्याच केसांतून हात फिरवत राहिली, डोळे मात्र कोरडे ठणठणीत. देवदत्तला तो कोरडेपणा सोसवेना. एकोणचाळीस वर्षं एका छपराखाली राहून ही बाई इतकी एकटी होती... आणि आपण शेजारच्या खोलीत!

त्याने मान वर केली.

"ताई, ज्यांच्याशी ठरलं होतं, त्यांचं नाव काय होतं गं?"

रत्नप्रभाचा हात थांबला.

"श्यामकांत," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.