दुसरी हाक

पूर चढला तेव्हा दोघं शाळेत सुखरूप पोचली होती, मग परत घरात का गेली?

जोतीरामनं हे गावात सगळ्यांना विचारून झालं होतं. होडीवाल्यांना, सरपंचांना, शाळेच्या वर्गात चटईला चटई लावून झोपणाऱ्या शेजाऱ्यांना. कुणी म्हणालं, म्हैस राहिली असंल. पण म्हैस दादानं दोन दिवस आधीच वरच्या गल्लीत नेऊन बांधली होती. कुणी म्हणालं, कागदं आणायला गेली असतील. कागदं माळ्यावरच्या ट्रंकेत होती, तिथवर पाणी कधी चढत नसे. कुणी नुसता पाठीवर हात ठेवला. आणि शेजारची चिमणाकाकू, जी त्या दुपारी त्यांच्याबरोबर होती, ती तर प्रश्न कानावर पडला की पदर तोंडाला लावून उठायची.

दादा आणि क्रांती वहिनी होडीवाल्यांना दुसऱ्या दिवशी मिळाली. स्वयंपाकघरात, माळ्याच्या शिडीपाशी. वहिनीचा फोन मात्र मिळाला नाही. तो गाळात गेला.

जोतीराम त्या दुपारी इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता. मागांच्या खडखडाटात खिशातला फोन कुणाला ऐकू येतोय? पाळी सुटल्यावर त्यानं बघितलं तर वहिनीचे सात मिस कॉल. तिनं सात वेळा कशाला फोन केला असेल, हेही त्याला कुणी सांगत नव्हतं. ते सात कॉल त्यानं अजून पुसले नव्हते. रात्री चटईवर पडल्या पडल्या तो ते वरपासून खालपर्यंत बघायचा आणि फोन पोटावर पालथा ठेवायचा. रडू येत नव्हतं. अंगात कुणीतरी ओली रेती भरून ठेवल्यासारखं वाटायचं, एवढंच.

माणूस गेल्यावर त्या रात्री पीठ पसरून त्यावर दिवा ठेवायचा, वर बुट्टी म्हणजे टोपली झाकायची, ही त्यांच्याकडची रीत. जिथं जीव गेला तिथंच हे ठेवायचं. मग सकाळी पिठावर खूण उमटते आणि माणूस निघून गेला हे कळतं. पण घरात तेव्हा पुरुषभर पाणी. म्हणून चिमणाकाकूनं दिवा शाळेच्या वर्गात, फळ्याखाली ठेवला. सकाळी बुट्टी उचलली तर पीठ जसंच्या तसं.

“चुकलंच की आपलं,” ती हळूच म्हणाली होती. “त्यास्नी अजून ठावंच न्हाय, आपण गेलोय ते.”

पाणी उतरलं, तेरावं झालं. शाळा सोमवारपासून भरणार होती, म्हणजे वर्ग रिकामे करायला हवे होते. जोतीरामला जायला दुसरी जागा नव्हती. अशात शहरातल्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीची पोरं मदतीला म्हणून टेम्पोत पत्रे आणि सिमेंट घालून गावात आली. त्यांच्यातला विश्वजित प्रत्येक घरापुढं उभा राहून वहीत लिहून घेत होता.

“भावा, पुढची भिंत शाबूत हाय तुझी,” तो म्हणाला. “मागची चिरलीया, ती नवी घालू. गवंडी आमचा, पत्रं आमचं. आठ दिवसांत तुला आत झोपवतो. पण पंचनाम्याआधी हात लावायचा न्हाय, न्हाय तर सरकारी मदत गेली. चारला तलाठी बाई येणार हायत. घर कुणाच्या नावावर हाय, त्याचा कागद काढून ठेव.”

“घरफाळ्याची पावती हाय. माळ्यावर, ट्रंकेत!”

“हळू बोल की. मी काय नदीपलीकडं उभा हाय?”

मागावरची माणसं अशीच बोलतात. वहिनी म्हणायची, “जोती, तुझ्या तोंडाला एक दार बसवाय पायजे. मनात आलं की गेलं भाईर.” आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून वहिनीनंच वाढवला. शाळेतनं पळून आला की मागच्या दारात उभा राहून ओरडायचा, “वैनी, दार काढ!” आणि आतनं उत्तर यायचं, “आले, आले.”

तीन वाजले असतील. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. जोतीराम एकटाच घरात शिरला.

पुढच्या सोप्यातला गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. भिंतीवर डोक्याच्या उंचीला पाण्याची रेघ, एकसारखी, कुणी दोरी धरून मारल्यासारखी. कुजलेल्या जोंधळ्याचा वास. स्वयंपाकघरात मात्र गाळ अजून ओला होता, लोण्यासारखा मऊ आणि सपाट. त्यावर मांजराचंही पाऊल नव्हतं. जोतीरामची पावलं घोट्यापर्यंत रुतत शिडीपाशी गेली. त्यानं खाली बघायचं टाळलं. वर चढला, ट्रंक उघडली, प्लास्टिकच्या पिशवीतली पावती काढून शर्टात घातली.

तेवढ्यात खाली स्वयंपाकघराचं दार लागलं.

वारा नव्हता. दार आपटलं नाही, सावकाश लागलं, कुणीतरी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून लोटून घ्यावं तसं. माळ्यावर अंधार झाला. तो चाचपडत शिडी उतरला आणि दार ओढू लागला. पाण्यानं फुगलेलं लाकूड, हलेना. मग त्याला आवाज ऐकू आला. दाराच्या पलीकडं, सोप्यात, जिथं आत्ता कोरड्या भेगा बघितल्या होत्या, तिथं पाणी भिंतीला लागत होतं. डुब... डुब... शांतपणे.

त्यानं दोन्ही मुठी दारावर मारल्या आणि काय करतोय हे कळायच्या आत घसा फोडून ओरडला,

“वैनी, दार काढ!”

सगळं थांबलं. पाणीही. आणि लांबून, गल्लीच्या टोकाकडनं, शाळेच्या बाजूनं, पुसट आवाज आला.

“आले, आले...”

दार हाताला लागताच उघडलं. सोपा कोरडा होता. उंबऱ्यावर येऊन त्यानं मागं वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या गाळात पावलं होती, त्याचीच. आत गेलेली. शिडीपर्यंत. बाहेर आलेलं एकही पाऊल नव्हतं.

तो कितीतरी वेळ त्या गाळाकडं बघत राहिला. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तो बाहेर येऊन चिमणाकाकूच्या कट्ट्यावर बसला. काकू भांडी घासत होती. तिच्या हातातली कळशी खाली पडून गडगडत गटारापर्यंत गेली होती आणि तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

“आत्ता तूच वरडलास व्हय?”

“व्हय. दार अडकलं हुतं.”

“काय म्हणालास?”

“वैनी, दार काढ.”

काकूनं राखेचे हात तसेच मांडीवर टेकले. मग पंधरा दिवस जे तोंडाला पदर लावून धरलं होतं, ते तिनं सांगितलं. हळू, त्याच्याकडं न बघता.

“त्या दिवशी ह्योच आवाज आलता रं... ह्योच. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात च्या घेत हुतो. क्रांती म्हणाली, जोती घरात हाय, अडकलाय. तुझा दादा हसला. म्हणाला, येडी का काय, त्यो मागावर हाय. तिनं फोन लावला. परत लावला. तू उचलंनास.”

“एवढ्यावर गेली?”

“न्हाय... दादानं धरून बसवली तिला. बसली बी. मग दुसरी हाक आली.”

“काय म्हणाली हाक?”

काकूनं मांडीवरची राख पदरानं पुसली.

“‘येऊ नका. वैनी, येऊ नका.’ असा टाहो फोडलास... मग कोण थांबतंय, पोरा? नको म्हणतंय म्हंजी त्येच्या गळ्याला पाणी लागलंय, एवढंच तिला कळलं. तुझा दादा तर तिच्याबी पुढं पळाला. मी त्यास्नी आडवी आले न्हाय. मलाबी तुझाच आवाज वाटला... आन् तू तर हितं नव्हतास. कुणाला सांगू, काय सांगू?”

जोतीरामनं वळून आपल्या घराच्या दाराकडं बघितलं. आपण आत्ता एकदाच ओरडलो. दुसरी हाक आपण अजून मारलेली नाही. एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात जागचा हलत नव्हता.

तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, वैनी.

काकूनं नाव वाचलं आणि मागं सरकत सरकत भिंतीला टेकली. फोन वाजत राहिला. आज मागांचा खडखडाट नव्हता. गल्लीत कुत्रंही भुंकत नव्हतं. त्यानं फोन कानाला लावला.

पलीकडं पाऊस पडत होता. धो धो, पत्र्यावर पडतो तसा. माणसांचा गलबला, कपबशीचा आवाज, कुणाचं तरी पोर रडत होतं. आणि अगदी जवळ, धाप लागलेली वहिनी.

“जोती? उचललास रं बाबा... कुठं हाईस तू? घरात हाईस?”

मागून दादाचा आवाज आला, “बघ, म्हणलं नव्हतं? इचार त्येलाच.”

छातीतली सगळी ओली रेती एकदम सुटली आणि गळ्याशी आली. येऊ नका. घरात पाऊल टाकू नका. वैनी, येऊ नका. जन्मात कधी आवरलं नव्हतं ते तोंड उघडलंसुद्धा. दात आपटले एवढ्या जोरानं त्यानं ते मिटलं. जीभ चावली गेली, रक्ताची चव आली. ती त्यानं गिळली.

मग, उभ्या आयुष्यात बोलला नव्हता इतक्या हळू, तो बोलला.

“मागावर हाय की, वैनी. इचलकरंजीला. जेवलोय बी. तुम्ही च्या घ्या दोघं... बसा तितंच.”

“खरं न्हवं?”

“तुझी आण.”

पलीकडं वहिनीनं सुस्कारा सोडला. पाऊस पडत राहिला. दादा काहीतरी म्हणाला आणि ती हसली, हलकंसं, भिजल्या आवाजात. तिनं फोन ठेवला नव्हता. कप उचलल्याचा आवाज आला.

आणि तेव्हा त्याच्या पाठीमागं, रिकाम्या घरात, स्वयंपाकघराचं दार सावकाश लागलं. आतनं दारावर दोन मुठी बसल्या. मग आवाज आला. त्याचाच. घसा फोडून.

“येऊ नका! वैनी, येऊ न...”

जोतीरामनं फोन छातीशी ओढला, त्यावर आपला सगळा देह वाकवला आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले.