दोनशे नंबरवर कोण आहे?

ते मोबाइल जरा पालथे ठेवा बघू. तोंडावर निळा उजेड पडला की तुम्हीच भुतांसारखे दिसता, मग मी वेगळं काय सांगणार?

चिंचेवरची हडळ आणि बिनमुंडक्याचा वाटसरू तुमच्या आजोबांबरोबर गेले. मी सांगतोय ती गोष्ट घडली कारखान्याच्या ऑफिसात, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. घडली ती आपल्याच उमरोळीच्या निमेशच्या बाबतीत. त्यानेच मला सांगितली, याच ओट्यावर बसून. आणि त्याला मीठमसाला लावून बोलता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लग्नाचं आमंत्रण करायला आला तरी तारीख सांगून गप्प बसतो गडी.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. अमावास्येचा आदला दिवस, संध्याकाळची वेळ. निमेश बाइक काढून बोईसरला निघाला होता. काम नेहमीचंच. पालघर-बोईसरच्या लहानसहान ऑफिसांतलं नेटवर्क तो सांभाळतो. कुठे प्रिंटर चालेना, कुठे कॅमेरा दिसेना, की निमेशला फोन. त्या दिवशीचा फोन होता तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून. नाव सांगत नाही, तुम्हाला अजून नोकऱ्या शोधायच्या आहेत. बोलावणारी होती चारुता, तिथलं ऑफिस बघणारी.

"निमेशदादा, गॅसचा अलार्म रातचा गप होतो," ती म्हणाली. "दिवसभर बरा चालतो, काळोख पडला का गेला. तुमी आजच या."

निमेश तोंडात घास न घालता निघाला, कारण त्याच कारखान्यात त्याचा धाकटा भाऊ दिपेश रात्रपाळीला होता. निमेशनेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवला होता.

तो गॅस कसला, हे आधी समजून घ्या. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. थोडा असेल तर माणूस नाक धरून पळतो. जास्त झाला, की तो आधी नाकच मारतो. वास यायचा थांबतो, माणसाला वाटतं गेला गॅस, आणि तो तिथेच उभा राहतो. त्याआधी दोन वर्षं झुंबर नावाचा ऑपरेटर असाच गेला होता. नगरकडचा माणूस, इथे एकटाच खोली घेऊन राहायचा. तो गेल्यावर शेठने प्लांटमध्ये अलार्मचा डबा लावला. पण शेठ तो शेठच! भोंग्यापर्यंत वेगळी वायर ओढायचा खर्च वाचवला आणि डबा ऑफिसच्या नेटवर्कला जोडला. म्हणजे डब्याला गॅस लागला की त्याने नेटवर्कवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायचं, आणि मग कॉम्प्युटरने गेटवरचा भोंगा वाजवायचा. माणसाचा जीव असा टांगलेला.

आता नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, आळीतल्या घरांना असतो तसा. हे नंबर वाटतो राउटर. एकच नंबर दोघांकडे गेला, तर निरोप भलत्याच्या दारी पोचतो आणि खरा मालक ताटकळत बसतो.

निमेशला कारण लगेच सापडलं. आधीच्या माणसाने अलार्मला हाताने एक नंबर दिला होता, पण राउटरला ते कळवलंच नव्हतं. रात्रपाळीची माणसं आली, त्यांचे फोन वायफायला लागले, की राउटर तोच नंबर उचलून त्यांच्यापैकी कुणाला तरी द्यायचा. अलार्म गप्प. निमेश हसला. असली चूक तो आठवड्यातून एकदा तरी निस्तरायचा. त्याने अलार्मला दोनशे नंबर दिला. राउटर वाटायचा फक्त शंभरापर्यंत, तेव्हा दोनशे दुसऱ्या कुणाला मिळायचा प्रश्नच नव्हता.

दिपेशने प्लांटमध्ये जाऊन डब्यापुढे तपासणीचा गॅस धरला. गेटवर भोंगा असा कोकलला की बाहेरची कुत्रीही भुंकायला लागली. चारुताने हात जोडले आणि घरी गेली.

मग दोघा भावांनी चहा घेतला. दिपेश खुशीत होता. "दादा, तुझा बरा हाय. पंख्याखाली बसायचा, बटना दाबायची, वरना चहा."

"ये मग उद्यापासून माझ्याबरोबर."

"येतो ना. मी काय नाय बोलतो?" तो उठला. "आज थांब तू. सकाळी जोडीनंच जाव घरी."

प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, ठिणगीची भीती. सगळ्यांचे फोन ऑफिसच्या खणात राहायचे. दिपेशनेही आपला टाकला. तो तर सकाळी बादलीत पडून बंदच झाला होता. दुरुस्तीला द्यायचा म्हणून आणलेला. टाकला आणि शीळ घालत गेला.

निमेश थांबला. अलार्म रात्रभर टिकतो का, तेही बघायचं होतं.

बाराचा ठोका उलटून गेला आणि स्क्रीनवर अलार्मचा हिरवा ठिपका विझला.

निमेशने राउटरवर कोण कोण जोडलंय ते उघडलं. दोनशे नंबरवर कुणीतरी बसलं होतं. अलार्म नव्हता. फोन होता कुणाचा तरी. पुढे फोनच्या मालकाने ठेवलेलं नाव.

झुंबर.

निमेश घाबरला नाही. या धंद्यात यंत्रं काय वाटेल ते दाखवतात. त्याने चारुताला झोपेतून उठवलं.

"झुंबरचा फोन अजून ऑफिसात आहे का?"

ती म्हणाली, "तो त्याच्या गावी धाडला, दादा. मयताबरोबर. मीच पिशवीत बांधून दिला."

"मग त्याच्या नावाने दुसरं कुणी..."

"दादा, तुमी निघा तिथना. आताच निघा."

पण भाऊ आत होता, अलार्म मुका होता, निमेश निघतो कसला? त्याने केलं ते कुणीही शहाण्या कारागिराने केलं असतं. त्या नावावर बोट ठेवलं आणि ब्लॉक केलं. म्हणजे पुन्हा कधी त्या नेटवर्कवर यायचं नाही. दार बंद.

नाव गेलं. हिरवा ठिपका आला.

निमेश पाणी प्यायला. खुर्चीत मागे रेलला.

ठिपका विझला.

दोनशे नंबर. नवीन नाव.

दिपेश.

तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग खण उघडला. दिपेशचा फोन आत होता. बंद. गार. बटण दाबलं... काही नाही. पुन्हा दाबलं... काचेआड अजून पाणी साचलेलं दिसत होतं.

आणि स्क्रीनवर नाव तसंच.

तेव्हा तो धावला. धावताना एकच गोष्ट त्याच्या लक्षात आली, असं तो म्हणतो. वास येत नव्हता. कसलाच नाही.

प्लांटच्या दारात त्याला अलार्मचा डबा दिसला. लाल दिवा लुकलुकत होता. डब्याचं काम चोख चाललं होतं. तो सांगत होता... सांगत होता... पण त्याच्या नंबरावर दुसरंच कुणी बसलेलं.

खाली दिपेश.

...

एवढंच. ते मी जास्त सांगणार नाही. त्याला बाहेर ओढताना निमेशही पडला, दुसऱ्यांनी काढला म्हणून वाचला. शुद्धीवर आला तेव्हा दिपेशची तिरडी बांधून झाली होती.

पंचनाम्यात कामगाराची चूक असं लिहिलं. महिनाभरात कारखाना पुन्हा धडधडायला लागला. आणि चारुताचा फोन आला. रडत होती.

"दादा, दुसरे दोन कारागीर येऊन बघून गेले. अलार्म रातचा परत गप होतो. दोनशेवर नाव येतो. कुनाचा ते माज्यानं बोलवत नाय."

निमेश गेला. राउटर उघडला. दोनशे नंबर, दिपेश. तो बंद फोन घरी कपाटात होता, आईने साडीत गुंडाळून ठेवलेला.

मला म्हणाला, "काका, खरं सांगू? मला बरं वाटलं. नाव तिथे होतं, म्हणजे तो कुठेतरी होता." मीही भाऊ घालवलाय.

दिपेशच्या जागी आता धर्मेश नावाचा माणूस लागला होता. दोन मुलींचा बाप. चारुता दाराशी उभी राहून म्हणाली, "दादा, त्याच्या घरी पन मानसा हाईत. एक बटन तर दाबायचा हाय."

निमेश शेठकडे गेला, वेगळी वायर ओढा म्हणून पाया पडला. शेठ म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. धर्मेशला सांगितलं, नोकरी सोड. तो म्हणाला, दुसरी देतोस?

झुंबरला हटवलं तेव्हा त्याच्या जागी कोण आलं, हे निमेश पुरतं जाणून होता. तरी अलार्म मुका ठेवायचा तर गॅस कुणाला ना कुणाला घेणारच. दोन्हीकडून मरण. शेवटी त्याने धर्मेशला बळेच गेटबाहेर काढून बसवलं. म्हणाला, आजची रात्र आत पाऊल टाकायचं नाही. मग एकटाच ऑफिसात आला. भावाच्या नावावर बोट ठेवलं.

"दिपा, माफ कर," म्हणाला.

दाबलं.

हिरवा ठिपका आला. निमेश गेटवर जाऊन धर्मेशचा हात धरून बसला, पहाटेपर्यंत. परत येऊन पाहिलं, ठिपका विझला नव्हता. कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून आजतागायत तो अलार्म बिनबोभाट चालतोय. दुसरा कुणी सांगणारा असता तर गोष्ट इथेच संपवून तुम्हाला झोपायला पाठवलं असतं.

निमेश उजाडता घरी आला. दार सताड उघडं. आई, दमयंतीबाई, उंबरठ्यात बसलेली. थंडीने काकडत होती. निमेशने कारखान्यातलं अवाक्षर घरी काढलं नव्हतं. तो कुठे गेला होता हेही तिला माहीत नव्हतं.

"निमेश," ती म्हणाली, "आसा का केलास रं?"

"काय केलं, आये?"

"दिपेश आला व्हता. रातभर दार वाजवत व्हता. मी उघडला, ये बाबू बोलले. उबाच ऱ्हायला. बोलला, आये, दादानं मना बंद केलाय... आता मना कुठंच आत येता येत नाय."

निमेश तसाच माघारी फिरला. बोईसर गाठलं, राउटर उघडला. त्याला ते ब्लॉक काढायचं होतं. अलार्म गेला खड्ड्यात, म्हणाला. पण ब्लॉक केलेल्यांत दिपेशचं नावच नव्हतं. झुंबरचंही नव्हतं. तिथे कुणीच नव्हतं. सोडवायचं कुणाला? पुन्हा पुन्हा शोधलं त्याने, दुपारपर्यंत. मग हात टेकले. आणि मग त्याच्या मनात आलं, की त्याने झुंबरला बंद केलं, त्या रात्री तिकडे नगरकडे कुणाचं दार वाजलं असेल... कोण म्हातारी उंबरठ्यात बसली असेल...

आता तो ते काम करत नाही. रात्री घराचं दार लावत नाही. आई झोपत नाही. कोणी येतही नाही. त्या रात्रीनंतर एकदाही नाही.

रंगाच्या कारखान्यात राबणाऱ्यांचे हात पिवळे होतात, साबणाने सुटत नाहीत. दमयंतीबाईंच्या दारावर, बाहेरच्या बाजूने, दोन पिवळे पंजे उमटलेत. बोटं पसरलेली, ढकलताना पसरतात तशी. मी स्वतः पाहिलेत. दार उघडंच असतं, त्यामुळे ते आत काळोखात जातात, पटकन दिसत नाहीत.