जाळीत शिरलेलं भेकर

आमच्या घरात झुरळ निघालं तर चप्पल मी उचलते. सदानंद तेव्हा सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला असतो. पण महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी हाच माणूस चार लोकांसमोर शिकारकथा वाचतो आणि लोक चहा गार होईपर्यंत ऐकत बसतात. नवऱ्याच्या हौसेत बायकोने फार डोकं घालू नये, म्हणून मी आतून बटाटेवडे पुरवते.

आम्ही दुबईत अल मनखूलला राहतो. सदानंद एसीचं काम करणाऱ्या कंपनीत आहे, मी जवळच्याच एका क्लिनिकमध्ये एक्स-रे टेक्निशियन. जे चित्रात दिसतं ते असतं, दिसत नाही ते नसतं, असा माझा सरळ कारभार. हौशी लेखकांचा तो कट्टा विनिताने सुरू केला. तिने कुठलासा ऑनलाइन लेखनवर्ग केला आहे, त्यामुळे सगळ्यांच्या कथा तीच सुधारून देते. कट्ट्यात खरी शिकार केलेला माणूस एकच, हनीफभाई. मूळचे श्रीवर्धनकडचे, शारजात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. ते लिहीत नाहीत, फक्त ऐकायला येतात.

सदानंदची सगळी शिदोरी म्हणजे संगमेश्वरकडच्या मामाच्या गावी काढलेल्या कॉलेजच्या सुट्ट्या. गावातली माणसं हाका घालत, म्हणजे ओरडत, डबे वाजवत रान उठवत यायची आणि मामा ठासणीची बंदूक घेऊन वाटेवर बसायचा. कायद्याने तेव्हाही बंदीच होती, पण गाव कायद्यापासून बरंच आत होतं. एकदा मामाने बंदूक सदानंदच्या हातात दिली. समोर भेकर आलं, कुत्र्यासारखं भुंकणारं ते लहान हरीण. बार निघाला, छर्रे त्याच्या डाव्या मांडीत बसले आणि ते करवंदीच्या जाळीत शिरलं. मग मामा रक्ताच्या मागावर ओढ्यापर्यंत गेला आणि त्याने त्याला संपवलं. झालं ते एवढंच.

सदानंदने तसंच लिहिलंही होतं. विनिताने ओढ्याचा भाग काढायला सांगितला. हल्ली असं सगळं सांगून टाकत नाहीत म्हणे, शेवट मोकळा ठेवतात. सदानंद खूश झाला. कथा जाळीपाशीच थांबली.

ती आमच्याकडेच वाचली गेली. टाळ्या पडल्या. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. हनीफभाईंनी मात्र कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग?"

"मग काय हनीफभाई, पुढचं वाचकाने ठरवायचं."

"जखमी जनावर वाचकावर सोडत नाहीत, सदानंद. गोष्टीत पण नाही. ते मग बार काढणाऱ्याचं घर शोधत येतं."

सगळे हसले. मीही हसले. आमची इरा दाराशी उभी राहून ऐकत होती. ती चौथीत आहे. ती मात्र हसली नाही.

पहिल्यांदा वास आला. एसीच्या झडपेतून, चुरगळलेल्या ओल्या पाल्याचा. मी माणूस बोलावून फिल्टर धुऊन घेतले. वास तसाच राहिला. मग एका संध्याकाळी गाडी लावताना तळघराच्या पार्किंगमधून भुंकणं ऐकू आलं. एकदाच. थोडं थांबून पुन्हा एकदा. वॉचमन म्हणाला, मॅडम, इस बिल्डिंग में कुत्ता अलाउड ही नहीं है. मी सदानंदकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. कुठलातरी पंप असेल, असं मीच त्याला समजावलं, आणि मला स्वतःला ते पटलंही.

इराचं वागणं मला उशिरा कळलं, याचं आजही वाईट वाटतं. बाप घरात आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. भांडण नाही, रुसवा नाही. तो सोफ्यावर बसला की ही जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे, तो टेबलापाशी आला की ही बाल्कनीत. मध्ये नेहमी काहीतरी आडोसा. अभ्यासाला ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळात बसू लागली. पप्पांच्या मागे मागे फिरणारी पोर ही. सदानंदचं जेवण कमी झालं होतं.

मग ती लंगडायला लागली. डावा पाय. मी आधी बुटांना दोष दिला, मग वाढत्या वयाला. एकदा मोजे धुवायला घेताना बोटाला काहीतरी टोचलं. मोज्यात मोडलेला काटा होता, त्याला जरासा पांढरा चीक. मी कोकणातली नाही, म्हणून सदानंदला दाखवला. त्याने तो तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "करवंद."

अल मनखूलमध्ये करवंदीची जाळी नाही.

त्यानेच हनीफभाईंना फोन लावला. अर्धवट सोडलेलं काम पुरं करा, म्हणाले. शेवट लिहा, दुसरा बार काढा आणि ज्यांनी पहिला ऐकला त्यांच्यासमोर वाचा. पुढच्या शनिवारी कट्टा त्यांच्याच घरी होता. सदानंदने शेवट लिहिला. मामाऐवजी तो स्वतःच मागावर जातो आणि कपाळात बार काढतो, असा. मला वाचायला दिला. मला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं, पण त्याला बरं वाटणार असेल तर वाटू दे, असं म्हणून मी कागद परत दिले.

तो शारजाला गेला. त्याच दुपारी मी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि इराला एक्स-रे टेबलवर झोपवलं.

स्क्रीनवर चित्र उमटलं. डाव्या मांडीत, हाडाला लागून, एक पांढराशुभ्र ठिपका होता. हरभऱ्याएवढा.

असं होतं कधी कधी. कपड्याचं बटण, खिशातलं नाणं. मी तिचे कपडे बदलले, अँगल बदलला, पुन्हा काढला. ठिपका तिथेच. मांडी हाताने चाचपली. कातडी गुळगुळीत होती, ओरखडासुद्धा नव्हता.

ठिपका पुरता गोल नव्हता. एका बाजूने चपटा होता.

सदानंदच्या कथेत मामा शिसं वितळवून घरीच छर्रे पाडतो. ते एका बाजूने चपटे होतात, असं त्यात एक वाक्य आहे. ते मला फार आवडलं होतं.

इरा माझ्याकडे बघत होती. "मम्मा, इज पप्पा गोइंग टू शूट अगेन?"

मी सदानंदला फोन लावला. वाजत राहिला. वाचताना तो फोन बंद आवाजावर ठेवतो. पुन्हा लावला. मग हनीफभाईंना.

त्यांनी उचलला. मागून सदानंदचा वाचायचा आवाज येत होता, तो खास खालच्या पट्टीतला.

"...ओढ्यापाशी ते उभं होतं. मी नळी वर केली..."

इराने टेबलाची कड घट्ट धरली. डोळे मिटून घेतले.

"हनीफभाई, थांबवा त्याला. आत्ता. तो बार इराला लागेल."

त्यांनी काही विचारलं नाही. "खलास, सदानंद, बस झालं," एवढंच ऐकू आलं, आणि कागद ओढल्याचा आवाज.

इराने श्वास सोडला.

घरी येऊन सदानंदने ते चित्र पाहिलं आणि जमिनीवरच बसला. पोरीच्या जवळ जायची त्याला हिंमत होईना. मी त्याला रडू दिलं. सर्जनने छर्रा काढायची तारीख दिली आणि हा आत गेला कसा ते विचारलं. आम्ही दोघांनीही माहीत नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

उपाय मलाच सुचला. मारायचं नाही, सोडायचंही नाही, बरं करायचं. सदानंद दुसऱ्या दिवसापासून नवा शेवट लिहायला बसला. त्यात तो मागावर जातो, बंदूक ओढ्यात टाकतो, जनावराजवळ बसतो आणि छर्रा काढतो. तो रोज थोडं लिहायचा आणि मला वाचून दाखवायचा. काल संध्याकाळी इरा कपाटामागून बाहेर आली. त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. पाय टेकवतानाही कळवळली नाही. मला वाटलं, सुटलो.

आज दुपारी विनिताचा मेसेज आला. शनिवारी वाचन अर्धवट राहिल्याने सगळे फार हळहळले होते म्हणे. म्हणून तिने सदानंदची कथा, जाळीपर्यंतची, स्पर्धेसाठी टाकली आहे. स्पर्धेचं नाव, 'शेवट तुम्ही लिहा'. दुबई, अबुधाबी, पुणे, नागपूर, सगळ्या ग्रुपवर. वर तीन हसरे चेहरे.

मी लगेच फोन केला. मागे घे म्हटलं, हात जोडले. ती म्हणाली, "अगं, आता कसं मागे घेऊ? लोकांनी पुढे पाठवलंय. आणि एवढी चांगली कथा आहे, वाया का घालवायची? शेवट यायला लागलेसुद्धा, बघ ना ग्रुपवर."

सदानंद टेबलावर लिहीत होता. जितक्या भराभर जमेल तितक्या. इरा त्याच्या समोर बसून चित्र रंगवत होती.

माझ्या हातातला फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी नवीन शेवट टाकला होता.

इराचा खडू थांबला. तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि अजिबात न हलता ऐकत राहिली. मग पुन्हा रंगवायला लागली.

"इट्स ओके, मम्मा," ती म्हणाली. "धिस वन मिस्ड."