रूपी मावशीची खाट

ही गोष्ट खरी आहे. भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्की वाचा, कारण हे भर दुपारी घडलं. तलासरीजवळच्या झरी गावात, गेल्या होळीनंतर.

मी निलम. डहाणूच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मेलेली माणसं मला नवी नाहीत, आणि भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले.

रूपी मावशी माझ्या आईची थोरली बहीण. तिचा नवरा हाल्या दारू पिऊन तिला गुरासारखं मारायचा. गवत दाबायच्या प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं, तरी त्या हाताचा मार काही कमी झाला नाही. तो मेला तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही.

पण तेव्हापासून मावशी जमिनीवर कधी झोपली नाही. कायम तिच्या सुंभाच्या खाटेवर.

होळीनंतर ती आजारी पडली, म्हणून मी तिच्याजवळ राहायला गेले होते. त्या दुपारी मी तिची चादर बाजूला केली आणि काय ते समजलं. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. नखं काळवंडली होती. आता फार वेळ नव्हता.

हाल्याचा भाऊ काकड्या म्हणाला, तिला खाली घ्या. आमच्यात जीव जाताना माणसाला जमिनीवर घेतात. खाटेवर मेलं तर जीव अडकतो म्हणतात.

मावशीने माझा हात घट्ट धरला.

"मना खाली नको ठेव, निलम. तो खालीच आहे."

मी तिला शब्द दिला, आणि काकड्याशी कडाकडा भांडले. तो चिडून अंगणात जाऊन बसला. मावशीची सून शितल पाणी आणायला गेली.

घर शांत झालं. जरा जास्तच शांत...

रोज ऊन चढलं की कोंबड्या त्या खाटेखाली येऊन बसायच्या. त्या दिवशी एकही नव्हती.

मग सुंभ करकरलं...

मावशी हललेली नव्हती.

पुन्हा करकरलं. खालून कुणीतरी हात लावून बघावं तसं.

मी वाकून पाहिलं. खाली सारवलेली जमीन आणि तिच्या चपला. बाकी काही नाही.

वर पाहिलं, तर मावशी गेली होती.

तिचा मुलगा दिपक वापीहून येईपर्यंत आम्ही तिला खाटेवरच ठेवली. येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, सुटली बिचारी. मलाही तसंच वाटत होतं. बरं वाटत होतं.

मग मी आणि शितलने तिला हळद लावायला घेतली. चेहरा मेणासारखा झाला होता, कपाळावरचं गोंदण जास्तच हिरवं दिसत होतं. आम्ही तिला कुशीवर वळवली.

मेल्यावर रक्त खाली उतरतं, पाठ जांभळी पडते. जिथे अंग टेकलेलं असतं तिथेच कातडी पांढरी राहते. म्हणजे तिच्या पाठीवर सुंभाची जाळी दिसायला हवी होती.

जाळी नव्हती...

दोन पांढरे पंजे होते. पुरुषाचे.

उजव्या पंजाला अंगठ्याजवळचं बोट नव्हतं.

शितलनेही पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हळद जास्त लाव."

मी लावली. पंजे झाकले गेले. आम्ही तिला परत उताणी केली आणि मी तिचा हात हातात घेतला. दुपारभर मी तोच हात धरून बसले होते. त्यावर काही नव्हतं.

मेलेल्या अंगावर वळ उठत नाही. हे मी शिकलेय, बघितलंय.

तिच्या मनगटावर वळ उठत होता... माझ्या डोळ्यांदेखत.

एक अंगठा. तीन बोटं.

दिपक अजून फोन करतो. मावशीचा विषय निघाला की त्याचं एकच विचारणं असतं, आई सुटली ना गं?

मी हो म्हणते.