न टेकलेली रेघ

मंगळवार हा पट्टीचा दिवस. सकाळी दहाला पट्टीकाकांनी ईसीजीचं यंत्र ढकलगाडीवर ठेवलं, छातीला लावायच्या जेलीची बाटली खिशात घातली आणि ते टीबीच्या वॉर्डाकडे निघाले. गाडीचं एक चाक कुरकुरायचं. त्यावरूनच रोग्यांना कळायचं, काका आले.

साध्या औषधांना दाद न देणारा टीबी झालेली माणसं या वॉर्डात होती. त्यांच्या गोळ्या जहाल. रोगाला पुरून उरायच्या, पण एखाद्याच्या हृदयाची लयही बिघडवायच्या. म्हणून दर आठवड्याला पट्टी काढायची. इथल्या खिडक्या बारा महिने उघड्या. वाऱ्यानं पडदे फडफडत, कागद उडत, दारं आपटत. कशालाच स्वस्थता नव्हती.

काका चौथी शिकलेले. पण पट्टीवरची घरं मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कागदावरच्या बारीक चौकोनांना ते घरं म्हणत. ठोका पडला की रेघ उसळते, खाली येते, पुन्हा एक उंचवटा घेते आणि मूळ जागी टेकते. उसळल्यापासून टेकेपर्यंत किती घरं, ते मोजायचं. साडेबाराच्या पुढे गेली की गोळी थांबवायची. आकडा यंत्रही छापायचं, पण डॉक्टरबाई म्हणायच्या, "यंत्राचं राहू द्या. काका काय म्हणतात?" त्या एका वाक्यावर काका ताठ मानेनं चालत.

चार नंबरच्या खाटेवर शिलाईताई होती. बाहेर कपडे शिवायची, म्हणून हे नाव.

"जेली मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवता का हो काका? जीव गारठतो."

"गप पडून राहा. बोललात की रेघ नाचते."

पट्टी सरसरत बाहेर आली. काकांनी घरं मोजली. पुन्हा मोजली. साडेतेरा.

ताईनं त्यांचा चेहरा वाचला. उठून बसली.

"गोळी बंद करतील ना? मग रोग पुन्हा उचल खाईल. सहा महिने पोरीला या खिडकीतून बघतेय मी." तिनं आवाज खाली आणला. "काका... एक घर कमी लिहा. एकच."

काकांनी पट्टी खाली ठेवली. हेच शब्द. हीच खाट.

गेल्या वर्षी इथे एक ड्रायव्हर होता. त्याचीही रेघ साडेतेराव्या घरात टेकली होती. "गाडीवर परत चढायचंय मला. एक घर कमी लिहा, काका." काकांना दया आली. त्यांनी साडेबारा लिहिलं. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर तोंड धुवायला गेला आणि मोरीतच कोसळला. खांद्यावर टॉवेल, मुठीत साबण. कुणी काही विचारलं नाही. टीबीची माणसं जातात, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

"आलोच," म्हणून काका रेकॉर्डच्या खोलीकडे गेले. आपलीच मोजणी चुकली असेल, ती रेघ खरंच साडेबाराची असेल, एवढं एकदा बघायचं होतं.

कारकूनबाईंनी कपाट उघडून फाइल दिली. या पट्ट्यांवरची शाई वर्षभरात उडते. ड्रायव्हरच्या आधीच्या पट्ट्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. शेवटची मात्र काळीभोर. आत्ताच काढल्यासारखी.

काकांनी बोट ठेवलं. दहा. बारा. साडेतेरा. रेघ उंचवट्यावरच होती. चौदा. पंधरा... कागदाला कोपऱ्यात ओल आली होती. साबणाचा वास येत होता. सोळा. सतरा...

"टेकतच नाही..." काका पुटपुटले.

"काय टेकत नाही?"

"रेघ."

कारकूनबाई चष्मा सावरत वाकल्या. "कुठली रेघ? कोरा कागद आहे की हा, काका. खाली तुमचं साडेबारा तेवढं दिसतंय."

काकांनी वाद घातला नाही. रेघ वरच जिथे थांबली होती, तिथे पेन्सिलीनं एक बारीक खूण केली आणि फाइल मिटली.

वॉर्डात परत येऊन त्यांनी शिलाईताईच्या कागदावर साडेतेरा लिहिलं. मग डॉक्टरबाईंसमोर उभे राहिले आणि ड्रायव्हरचंही सांगून टाकलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "आज का सांगताय?"

"आज पुन्हा तेवढीच आली."

गोळी थांबली. ताईचं रक्त तपासलं तर त्यातले क्षार घसरलेले निघाले; त्यानंही रेघ लांबते. सलाइनमधून ते भरून काढायला सुरुवात झाली. काकांकडून सगळं लेखी घेतलं, पुढे चौकशी लागली. ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुमचं काय जातंय, तुमची माणसं घरी आहेत," एवढंच बोलली. पुढचे दोन मंगळवार काकांनी मुकाट्यानं पट्टी काढली, तिनं मुकाट्यानं काढू दिली.

तिसऱ्या मंगळवारी रेघ अकराव्या घरात टेकली. दुपारी गोळी पुन्हा सुरू झाली, तशी ताईची जीभही.

"आता तरी हसा, काका. की हसायलाही डॉक्टरबाईंची सही लागते?"

काका हसले. खूप दिवसांनी हसले.

संध्याकाळी चौकशीसाठी ड्रायव्हरची फाइल आणायला ते रेकॉर्डच्या खोलीत गेले. कारकूनबाईंनी ती जरा आपटूनच पुढे केली.

"रेकॉर्डचा कागद आहे हा काका, पाटी नव्हे. दर मंगळवारी बघते तर एक खूण वाढलेली! चार झाल्या."

"मी एकच केली होती."

"मग या तीन कुणाच्या? कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला."

काकांनी पट्टी उजेडात धरली. त्यांच्या खुणेपुढे तीन खुणा होत्या, दर खूण एक घर पुढे. कागद ओला होता. खोलीत साबणाचा वास पसरला. रेघ अजून वरच होती.

काकांनी शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं आणि कागदाच्या कडेपर्यंत मोजलं.

पुढच्या मंगळवारचं एकच घर उरलं होतं.