चौथ्या खेकड्यासाठी शंख

पेटीत चार खेकडे होते, सहा मोकळे शंख आणि पाण्याच्या दोन वाट्या: एक गोडी, एक खारी. तीन खेकडे शंखात. चौथा उघडा!

कोकणातून आणलेले हे जमिनीवरचे खेकडे दुसऱ्याच्या मोकळ्या शंखात राहतात. चौथा वाढला, शंख अपुरा पडला, तो बाहेर आला. मोकळे शंख निवडताना मी त्यांची लांबी मोजली होती, तोंड नाही. सगळ्यांची तोंडं अरुंद! त्याचं मऊ पोट सुकलं तर तो सकाळ बघणार नव्हता. आणि आमच्या दुबलगुंडी गावाहून समुद्र चारशे किलोमीटर.

शेजारचे लिंगाप्पा अण्णा पूर्वी मेंढरं राखायचे. माझी चूक ऐकून ते हसले.

"पंचशीला, बीएस्सी झालीस की न्हाई गं? चप्पल बी अशीच घेतीस काय, पाय न घालता?"

"अण्णा, तो मरंल."

"मग चल. तळ्यातल्या टेकाडावर घोंगल्याफोड बसतेत."

घोंगल्याफोड म्हणजे तळ्यातल्या गोगलगायी खाणारा करकोचा. मांस खातो, शंख टाकतो.

खेकडा पेटीतच ओल्या फडक्यात झाकून आम्ही दुपारी एक वाजता निघालो. बाभळीचं रान, लाल जांभ्याची घळ आणि मग उन्हाळ्यानं आटलेलं तळं. त्याच्या गाळावर वाळून भेगाळलेली पापडी पसरली होती. टेकाड तीस पावलांवर. मी धावले.

पापडी फुटली! गुडघे गेले. मांड्या गेल्या.

"हलू नगंस! कामून पळायलीस?" अण्णांनी खांद्यावरची घोंगडी गाळावर फेकली. "पोटावर आडवी हो. कोकरू असंच काढतेत."

मी आडवी झाले. एक पाय सुटला. दुसरा सुटला. चप्पल गाळातच राहिली.

अण्णा मागे फिर म्हणाले नाहीत. मीही फिरले नाही. घोंगडी पुढे सरकवत, तिच्यावर सरपटत मी टेकाड गाठलं. एकेचाळीस शंख! या वेळी सोबत आणलेली पट्टी शंखांच्या तोंडाला लावली. पाच शंख ओढणीत बांधले आणि तशीच सरपटत परतले.

घरी शंख उकळले, निववले, पेटीत ठेवले. खेकडा हलला. पहिल्या शंखाला मिशा लावल्या, सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याच्या तोंडात नांगी घातली, कडेनं फिरवली.

"बघ," अण्णा पुटपुटले, "तेनं बी तोंडच मोजलं."

शंखाचं तोंड बावीस मिलिमीटर. खेकड्याला आत शिरायला चार सेकंद लागले.